मॉरीन खोलीत असताना

ग्लासगोतल्या पार्टिक भागातल्या दुकानात, गल्ल्याच्या रांगेत, तोरमोदच्या पुढे एक म्हातारी आपली पिशवी भरत होती. आधी अंडी घातली, त्यावर टोमॅटोचे डबे, मग तिच्या लक्षात आलं की अंडी खाली गेली, म्हणून सगळं परत बाहेर. दुसऱ्यांदाही तेच. तोरमोदला घाई कसलीच नव्हती. रिटायर होऊन त्याला वर्ष झालं होतं आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पण रांगेत उभं राहिल्यावर माणसाला उगाच घाई होते. तो आपल्या बेटावरच्या गॅलिक भाषेतून पुटपुटला, "ही बाई पिशवी भरतेय का बोट?" या शहरात चव्वेचाळीस वर्षं तो असाच पुटपुटत आला होता आणि चव्वेचाळीस वर्षांत कुणी वळून बघितलं नव्हतं. गल्ल्यावरची पोरगी, हिरवे केस, नाकात रिंग, बिटाची बरणी यंत्रावरून सरकवत मान वर न करता गॅलिकमधूनच म्हणाली, "त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात हो. बोट असती तर एव्हाना भरून निघालीसुद्धा असती." तोरमोदचे कान तापले. पोरगी हसली. "लुईस बेटाचे ना तुम्ही? बोलण्यावरून कळतं." तो इंग्रजीत म्हणाला, "सॉरी. हो. म्हणजे, फार पूर्वी." पैसे दिले, पिशवी उचलली आणि जवळजवळ पळालाच. घेतलेला ब्लॅक पुडिंगचा, त्या रक्ताच्या सॉसेजचा, तुकडा गल्ल्यावरच राहिला, हे त्याला केल्व्हिन नदीच्या पुलापाशी आल्यावर आठवलं.

पुलाजवळच्या बाकावर तो बसला. आपल्याला एवढं लागलं कशाचं, हे त्याला कळेना. म्हातारीबद्दल बोललो त्याची लाज होतीच, पण ती थोडी. गॅलिक म्हणजे या शहरातली त्याची आतून कडी असलेली खोली होती. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात सगळा जन्म गेला, उंच उंच इमारतींच्या अंधाऱ्या खांबासारख्या पोकळ्यांत केबलींना त्याने गॅलिकमधून शिव्या घातल्या, मुकादमाला तर तोंडावर घातल्या आणि वर हसला, आणि मुकादमही हसला, त्याला वाटलं हा बेटावरचा बावळट काहीतरी देवाधर्माचं बोलतोय. ग्लासगोत त्याला सगळे नॉर्मन म्हणत. तोरमोद हे नाव त्या कडी लावलेल्या खोलीत राहत होतं. आता शहरात गॅलिक शाळा आहेत, स्टेशनावर पाट्या आहेत, लोक फोनवर धडे गिरवतात, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच? त्याची स्वतःची मुलगी त्या शाळेतून शिकून बाहेर पडली. पण माहीत असणं वेगळं आणि बिटाच्या बरणीसमोर पकडलं जाणं वेगळं. आणि पकडलं गेल्यावर आपण काय केलं? त्या पोरीने, जिचा जन्म कदाचित इथेच चार गल्ल्या पलीकडे झाला असेल, छान सरळ गॅलिकमधून विचारलं आणि आपण, ज्याच्या आज्याला इंग्रजीत धड पाणी मागता येत नव्हतं, इंग्रजीत उत्तर दिलं. खरं लागलं होतं ते हे.

रांगेत आपल्या मागे बिअरची पेटी घेतलेला एक माणूस उभा होता, असं तोरमोदने स्वतःला समजावलं. त्या माणसाला कुठे गॅलिक येत होतं? त्याच्या देखत बोलणं बरं दिसलं नसतं. हा नियम तोरमोदला कुणी शिकवला नव्हता, दारातून आत येताना टोपी काढावी हे जसं कुणी शिकवत नाही. खोलीत एकाला जरी गॅलिक येत नसलं तरी सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं. लहानपणी आईच्या स्वयंपाकघरात सातआठ बाप्ये बसलेले असत, मेंढ्यांवरून हमरीतुमरीवर आलेले, कुणाचा मेंढा कुणाच्या कुंपणात शिरला आणि त्याच्या बापाने साठ साली काय केलं होतं, हसण्याने छप्पर उडायची पाळी. तेवढ्यात दारातून सरकारी नर्स आत येई, ती मुख्यभूमीवरची. एका क्षणात सगळे इंग्रजीत. इंग्रजीत त्यांच्याकडे हवामानाखेरीज बोलायला काही नसे. वारा आहे, हो वारा आहे, काल याहून होता. मग एकेक जण उठून जाई. नर्स बिचारी चहा पिऊन, ही माणसं किती अबोल, असं मनाशी म्हणत निघून जाई. याला ते सगळे सभ्यपणा म्हणत आणि तोरमोदही म्हणायचा.

त्याची बायको मॉरीन पहिल्यांदा बेटावर आली तेव्हाही हेच झालं. ती ग्लासगोची, गॉव्हनची, आयरिश आज्यापणज्यांची, तोंडाने फटकळ. चार दिवस ती आईच्या घरात होती आणि चार दिवस ज्या ज्या खोलीत शिरली त्या त्या खोलीत माणसं ताठ झाली. परतीच्या बोटीवर ती कठड्याला टेकून सिगरेट ओढत म्हणाली, "नॉर्मन, मी दार उघडलं की तुझी माणसं घरातल्या सपाता काढून बूट घालतात रे. मी म्हटलं होतं का, बूट घाला म्हणून?" तो हसला. म्हणाला, "तुझ्यासाठीच करतात." ती म्हणाली, "माझ्यासाठी करतात, पण मला विचारून करतात का? मी कोपऱ्यात बसून ऐकलं असतं. नाहीतरी माझ्या आईच्या घरी कुणाचं काय मला कळतं?" त्याला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. मॉरीनचं बरंच बोलणं त्याला आधी विनोदी वाटे आणि पुष्कळ वर्षांनी कळे.

मुलीला, इशबेलला, गॅलिक शाळेत घातलं तेही मॉरीननेच. तोरमोद म्हणाला होता, कशाला, काय उपयोग, पोरीला पुढे डॉक्टर व्हायचं असलं तर? मॉरीन म्हणाली, "तुझ्याकडून काही होणार नाही हे दिसतंय, म्हणून मी घालते." स्वतःला एक शब्द येत नसताना ती दर सोमवारी पालकांच्या सभेला जाऊन बसायची. पाच वर्षांची इशबेल घरी येऊन जेवणाच्या टेबलावर गॅलिकमधून सीलची गोष्ट सांगायला लागली, की तोरमोदची नजर आधी मॉरीनकडे जाई आणि मग तो इंग्रजीत विचारी, "मग काय झालं त्या सीलचं?" पोर गोंधळे. मग तीही इंग्रजीत सांगू लागे, आणि इंग्रजीत ती गोष्ट लवकर संपे. मॉरीन बटाटे वाढता वाढता म्हणे, "माझ्याकडे काय बघतोस? गोष्ट ती सांगतेय." पण तो बघायचाच. तिघांच्या त्या घरात पंचवीस वर्षं इंग्रजी बोललं गेलं, आणि दोघांना तिसरीमुळे बोलता येत नाही असं वाटत राहिलं, आणि तिसरीला कुणी विचारलं नाही.

मॉरीन जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं झाली. त्यानंतर दर रविवारी इशबेल येते, दोघंच असतात, दोघांनाही गॅलिक येतं, आणि दोघं इंग्रजीत बोलतात. हे तोरमोदच्या लक्षातच आलं नव्हतं. इशबेलच्या आलं होतं. गेल्याच्या गेल्या रविवारी, दिवस भरत आलेले, पोटावर बशी ठेवून केक खात ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल."

"बाळाशी तू फक्त गॅलिकमधून बोलायचं. पहिल्या दिवसापासून. एक शब्द इंग्रजी नाही."

"तू आहेस की. तुझं माझ्यापेक्षा शुद्ध आहे."

"माझं बाईंकडून आलंय. बेरजा-वजाबाक्या, पर्यावरण, प्रकल्प. मला गॅलिकमधून ज्वालामुखीवर निबंध लिहिता येतो, पण रडणाऱ्या पोराला काय म्हणतात ते येत नाही. ते घरात ऐकायचं असतं. माझ्या घरात ज्याला येत होतं तो बोलला नाही." ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "नसेल जमत तर आत्ताच सांग. मी बाळाला उगाच आशा लावणार नाही. मला लावली होती कुणीतरी. रोज शाळेतून येताना वाटायचं, आज बाबा बोलेल."

तोरमोदची नजर खिडकीजवळच्या मॉरीनच्या खुर्चीकडे गेली. आपोआपच गेली. इशबेलने ती नजर कुठे गेली ते पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आता खोलीत कोण आहे, ज्याला येत नाही?" तो म्हणाला, "बघू." तेही इंग्रजीतच. पुढच्या बुधवारी जावई क्रेग व्हॅन घेऊन आला आणि ती खुर्ची घेऊन गेला, कारण इशबेलला बाळाला पाजायला तीच हवी होती. जमिनीवरच्या लिनोलियमवर चार पायांचे चार खळगे राहिले. तोरमोद त्या जागेवर अजून पाय देत नव्हता.

बाकावर थंडी वाजायला लागली तशी तो उठला. उघड उघड सांगायचं तर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही त्याला एव्हाना कळल्या होत्या. इशबेलशी गॅलिकमधून बोललं की मॉरीन खोलीत नाही, हे कबूल करावं लागणार होतं. आणि दुसरी त्याहून साधी. तान्ह्या बाळाशी बोलायला त्याच्याकडे गॅलिक नव्हतंच. त्याचं गॅलिक आज्याकडून आलेलं, बाप्यांचं. जळणासाठी दलदलीतलं पीट कसं कापायचं, बोट ओढताना काय ओरडायचं, मेंढी अडली तर हात कसा घालायचा, वारा कुठला, शिव्या, आणि रोज संध्याकाळी बायबल उघडल्यावर देवाशी बोलायची जड जड वाक्यं. यातलं काय सांगायचं बाळाला? आई त्याच्याशी कधी गॅलिकमधून बोललीच नाही. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, पोरांचं भलं हवं असेल तर इंग्रजी बोला. आईने ते मनावर घेतलं. तिचं इंग्रजी केवढंसं, त्यातून तिला पोरांवर माया करायची होती. "गुड बॉय, नॉर्मन. हात धू." बास. बाकीची माया आतच अडकून राही, ती उभी राही, हात पुढे करी, शब्द शोधी आणि मग म्हणे, "गुड बॉय." त्याला वाटे, आपली आई कोरडी आहे.

पण गोठ्यात ती कोरडी नव्हती. ब्लारग नावाची गाय होती, कपाळावर पांढरा पट्टा. आई धार काढायला बसली की दार लोटून घेई, आणि तोरमोद बाहेर भिंतीला कान लावून उभा राही. आत एक निराळीच बाई बोलत असे. सलग, मऊ, अर्धं गाणं अर्धं बोलणं, धारेच्या तालावर. गाईला ती काय काय म्हणे! लाडाची नावं एकामागून एक, कधी न संपणारी. पाऊस भिंतीवरून गळत असे, पीटच्या धुराचा आणि शेणाचा वास, आणि सात वर्षांचा तोरमोद एका गाईवर जळत असे. एकदा आई चरवी घेऊन बाहेर आली तर हा दारात. तिने पटकन चेहरा बदलला. "नॉर्मन, वॉश युवर हँड्स," ती म्हणाली. पन्नासपंचावन्न वर्षं झाली, पण बायर्स रोडचा सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी तो तिथेच उभा होता. आईला मायेचं बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून गाय होती, हे त्याला तेव्हा कळायला हवं होतं. सात वर्षांच्या पोराला ते कसं कळणार?

दोन दिवसांनी तो मुद्दाम त्याच दुकानात गेला. घरून वाक्य तयार करून गेला होता: "परवा मी वेड्यासारखं वागलो, माफ कर पोरी, मी लुईसचाच." साधं होतं. पोरगी गल्ल्यावर होती. तिने गॅलिकमधून विचारलं, "तुमचं ब्लॅक पुडिंग विसरलात ना? मी खाऊन टाकलं." तोरमोद हसला, तोंड उघडलं, आणि मागे बघितलं. मागे एक बाई, तिच्यामागे एक सूटवाला. तो इंग्रजीत म्हणाला, "बरं केलंस." पोरगीही मग इंग्रजीत म्हणाली, "पिशवी हवी का?" एवढंच. पण तिचा आवाज खाली आला तो त्याला ऐकू आला, आणि जेवणाच्या टेबलावरची पाच वर्षांची इशबेल आठवली. घरी येऊन तो कोट न काढताच फोनपाशी गेला. आपल्याच्याने होणार नाही, इशबेलला फोन करून सांगून टाकावं, असं त्याने ठरवलं. फोन हातात घेतला तेवढ्यात तो वाजला. क्रेग होता, बोलता बोलता रडत होता. मुलगी झाली होती, साडेतीन किलोची.

मग तोरमोदला सर्दी झाली. खरंच झाली, पण चार दिवसांची सर्दी त्याने दहा दिवस पुरवली. फोनवर खोकून दाखवलं. अकराव्या दिवशी इशबेल म्हणाली, "बाबा, आता खोकू नकोस, ये." तो इशबेलच्या घरी, डेनिस्टनला जाणाऱ्या बसमध्ये बसला. बसभर मनात वाक्य जुळवत होता, बायबलातल्यासारखं भारदस्त झालं, बदललं, शिवीसारखं वाटायला लागलं, परत बदललं. दार क्रेगने उघडलं. क्रेग चांगला पोरगा, प्लंबर, अंगावर दुधाचे डाग. "या नॉर्मन, या. झोपलीय, पण फसवी झोप आहे." खोली गरम होती. खिडकीशी मॉरीनची खुर्ची, तिच्यात बाळाला घेऊन इशबेल. इशबेल उठली, कोचावर त्याच्या शेजारी येऊन बसली आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. नाव अजून ठरलं नव्हतं. तोरमोदने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. लाल, चुरगळलेला, कपाळावर बाळंतपणात लावलेल्या चिमट्याची फिकट खूण. बसमधलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. समोर क्रेग हात चोळत उभा होता, हसत, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. तोरमोद इंग्रजीत म्हणाला, "किती लहान आहे, नाही?"

इशबेलने मान हलवली. "हो," ती म्हणाली, इंग्रजीत. रागावली नाही, फक्त बाळाचे लंगोट ठेवायच्या डब्याचं झाकण उगाच नीट बसवायला लागली. तोरमोदला वाटलं, संपलं. दोन शब्दांत आपण संपवलं. क्रेग म्हणाला, "चहा टाकतो," आणि आत गेला.

तेवढ्यात बाळाला जाग आली. डोळे न उघडताच तोंड उघडलं, आधी आवाज नाही, मग एकदम टाहो. पाय झाडून तिने गुंडाळलेलं फडकं सोडवलं, पुन्हा झाडला, तोरमोदच्या पोटात टाच बसली. इशबेल हात पुढे करणार इतक्यात तोरमोदच्या तोंडून काहीतरी निघालं, त्याच्या नेहमीच्या आवाजात नाही, वरच्या पट्टीत, मऊ, अर्धं गाण्यासारखं. "हळू गं बाई, हळू. पाय नाही झाडायचा, माझं धन ते, माझी पांढऱ्या कपाळाची. उभी राहा, जागच्या जागी उभी राहा. कुण्णी काही करत नाही माझ्या राणीला. सोड गं, सोड पान्हा, सगळा सोड, मागे काही ठेवू नको, सोन्या." त्याची मांडी तालात हलत होती. शब्दामागून शब्द येत होते, आपल्याला हे येतं हे त्याला माहीतच नव्हतं. भिंतीला कान लावून घेतलेलं सगळं तिथेच होतं, एकही नाव गळलं नव्हतं. बाळ लगेच काही गप्प बसलं नाही. पण टाहोचं कुरकुरणं झालं आणि एक डोळा किंचित उघडला.

"बाबा," इशबेल म्हणाली. गॅलिकमधून. "हे काय होतं?"

"गाय," तोरमोद म्हणाला.

"काय?"

"तुझी आजी गाईला म्हणायची. धार काढताना. मी बाहेरून ऐकायचो."

"म्हणून उभी राहा म्हणतोयस? अकरा दिवसांची आहे ती!" इशबेल हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक पुसायला तिने बाळाचंच फडकं घेतलं. "आणि पान्हा तिने सोडायचा का मी?"

"आता मला काय माहीत, माझ्याकडे एवढंच आहे. बाकी सगळं मेंढ्यांचं आहे."

"मेंढ्यांचंही चालेल," इशबेल म्हणाली. आपण कुठल्या भाषेत बोलतोय ते दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. इशबेलच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तोरमोदला बरं वाटलं, आणि मॉरीन हे ऐकायला नाही याचं एवढं वाईट वाटलं, जेवढं तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

क्रेग तीन कप घेऊन आत आला. दोघांचे चेहरे बघून दारातच थबकला. "काय झालं? मी काही..." कप टेबलावर ठेवून तो मॉरीनच्या खुर्चीत जाऊन बसला, दुसरी जागाच नव्हती. तोरमोदचं तोंड वळायला लागलं. त्याला ते जाणवलं, जिभेवर इंग्रजी आलंसुद्धा, काही नाही क्रेग, आम्ही आपलं हवेबद्दल बोलत होतो. इशबेल त्याच्याकडे बघत होती. ती मदत करणार नव्हती. बाळाने पुन्हा पाय झाडला. खिडकीजवळच्या खुर्चीतून क्रेग दोघांकडे आळीपाळीने बघत होता, हातात कप, एक शब्द कळत नसलेला, आणि उठून जायची त्याची काही तयारी दिसत नव्हती.

"ब्लारगलासुद्धा हीच खोड होती," तोरमोद गॅलिकमधून म्हणाला, "डावा पाय झाडायची. एकदा तर आईची चरवी उडून थेट आज्याच्या टोपीवर." आणि क्रेगच्या देखत तो पुढचं सांगत राहिला.